स्वयंपाकघरातला कापूस

अमरावती, कार्तिक वद्य ५, शके १७८६

नत्थुजी व्याही यांना खुशालरावाचा रामराम.

तुमची लेक, आमची सून रुख्मिणी, बाळंतपणासाठी तुमच्याकडे अकोल्याला सुखरूप पोचली हे चंद्रभान गाडीवानाकडून कळलं. बैल थकले, ती थकली नाही. मूर्तिजापूर येईपर्यंत गाडी कशी हाकायची ते ती त्यालाच शिकवत होती, असं तो म्हणाला. खरं असेल. आमच्या घरीही ती आम्हा बापलेकांना हाकतच होती, आणि आम्ही सरळ चालत होतो.

इकडे थंडी फार. कापसाला असा भाव चढला आहे की आमच्या गल्लीतल्या बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या आल्या. माणसांच्या अंगावर मात्र तीच जुनी घोंगडी.

पत्राचं कारण तसं काही नाही. चंद्रभान इथे मुक्कामाला असतो तेव्हा बिचारा आपल्या हातानं रांधून खातो. त्याला थंडीत पोटाला ऊब देईल असं काहीतरी सोपं, एका गंजात होणारं पाहिजे. चूल नाही, अंगणात निंबाखाली तीन दगड मांडले आहेत. भांडं म्हणून गंजही एकच आहे. हळद कशात घालायची आणि कशात नाही, एवढंही त्याला ठाऊक नाही. विहीणबाईंना विचारून चार ओळी लिहाव्या. मला त्यातलं काही कळत नाही, मी आपलं त्याला वाचून दाखवीन.

आमचा जानराव कामात आहे. रुख्मिणीला सांगावं, काळजी करू नको. दोघंही वेळेवर जेवतो.

खुशालराव


अकोला, कार्तिक वद्य १३

खुशालरावजींना नत्थुजीचा रामराम पोचो आणि तिकडची थंडी इकडे न पोचो.

तुमच्या गाडीवानाची हकीकत वाचून आमच्या घरच्या गोदाबाईला फार कळवळा आला. ती पाट्याशी बसून सांगते आहे आणि मी लिहितो आहे. माझं अक्षर तुम्हाला माहीत आहे. गुरं राखता राखता धुळीत काडीनं गिरवलेलं, त्यामुळे वळण बैलासारखंच आहे. मध्येच थांबतं.

गोदाबाई म्हणते, नवशिक्यानं कण्या कराव्या. ओंजळभर ज्वारी निवडून जात्यावर भरडावी. भरडावी, दळू नये. पाखडून पीठ वेगळं काढावं. गंजात ज्वारीच्या चौपट पाणी ठेवावं, मीठ घालावं, पाणी खदखदलं की एका हातानं कण्या सोडाव्या आणि दुसऱ्या हातानं ढवळत राहावं. नाहीतर गाठी होतात. मग जाळ ओढून घ्यावा, इस्त्यावर झाकून ठेवावं, आणि मऊ होईपर्यंत झाकण उघडून पाहू नये. पुरुषमाणसाला हेच जमत नाही असं ती म्हणते. मी लिहिणार नव्हतो, पण ती वरवंटा हातात घेऊन बसली आहे.

वर ताक ओतावं. ताक नसलं तर भुरका करावा. लहान कढईत तेल तापवावं, लसूण ठेचून टाकावा, तो लाल होऊ द्यावा, मग लाल तिखट घालावं.

(कागद उलटावा.)

तिखट घालण्याआधी कढई जाळावरून खाली उतरवावी. हे दोनदा लिहा म्हणते. तिखट घालण्याआधी कढई जाळावरून खाली उतरवावी.

रुख्मिणी बरी आहे. तिनं तुमचं पत्र दोनदा वाचून घेतलं आणि विचारलं, "मामाजींनी दोघंही वेळेवर जेवतो असं लिहिलं. दोघं मिळून जेवतो असं काहून नाही लिहिलं?" मी म्हटलं, कागद संपला असेल.

नत्थुजी


अमरावती, मार्गशीर्ष शुद्ध ३

नत्थुजींना रामराम.

चंद्रभानानं कण्या केल्या. झाकण चार वेळा उघडलं. तरी खाण्याजोग्या झाल्या.

भुरक्यासाठी कढई शेजारून मागून आणली, पण झालं असं की जाळावरून उतरवायची गोष्ट तुम्ही कागदाच्या पाठीमागे लिहिली होती. कागद उलटेपर्यंत तिखट कढईत पडून गेलं. जो धूर उठला तो पार गल्लीच्या टोकापर्यंत गेला. शेजारच्या माणिकबाई पदर तोंडाला लावून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "कोणाची नजर काढून राहिले, भाऊजी? एवढ्यात तं गावाची निघाली." तीन बैल शिंकले. बैल शिंकतो हे मला एवढ्या वयात ठाऊक नव्हतं. माझे डोळे दोन दिवस सुजलेले होते. मी वाचून दाखवायला जवळच बसलो होतो ना, म्हणून.

पुढच्या वेळी महत्त्वाचं आधी लिहावं.

रुख्मिणीला सांगावं की कागद संपला होता.

खुशालराव


अकोला, मार्गशीर्ष शुद्ध ११

खुशालरावजी, रामराम, आणि तोंड गोड करा.

परवा सकाळी रुख्मिणी बाळंत झाली. मुलगी आहे. दोघी सुखरूप. नात रंगानं आमच्यावर आणि आवाजानं तुमच्यावर गेली आहे. रडते तेव्हा वाटतं, शेताच्या बांधावर उभं राहून कोणी गड्याला हाका मारतं आहे.

आता दुसरी गोष्ट. चंद्रभान कापसाच्या गाड्या घेऊन इकडे आला होता. गोदाबाईनं त्याला ओसरीवर बसवलं, गुळाचा खडा दिला आणि मायेनं विचारलं, "का रे बाबू, कण्या जमल्या का?"

तो म्हणाला, "कोनाले?"

"तुले."

"मावशी, मले तं पाणीबी उकळता येत नाही. मी माणिकबाईच्या घरी जेवतो."

मग गुळाचा दुसरा खडा दिला. दुसऱ्या खड्याला सगळंच बाहेर आलं. तो म्हणाला, जानरावांनी दिवाळीपासून घर कापसानं भरून टाकलं आहे. माजघर भरलं, बाळंतिणीची खोली भरली, शेवटी स्वयंपाकघरही पार आढ्यापर्यंत कोंबलं. चूल कापसाखाली आहे. दाराला कुलूप, किल्ली जानरावांच्या करदोट्याला. ते बाजारातल्या खाणावळीत जेवतात, तुम्ही निंबाखाली धूर करता, आणि बाप लेकाशी बोलत नाही की लेक बापाशी.

हे सगळं रुख्मिणीनं आतून ऐकलं. बाळंतिणीचे कान भिंतीपलीकडचं ऐकतात. ती काय म्हणाली ते तसंच लिहितो: "ज्या घरी चूल पेटत नाही त्या घरी मी लेकरू नेत नाही. मामाजी अन् हे दोघं एका गाडीत बसून न्यायले येतील तवाच येईन. नाहीतर इथंच राहीन. अन् वाटेत बोलले का नाही ते मी चंद्रभानले विचारीन."

मी समजावून पाहिलं. पण तुम्हीच लिहिलं होतं ना, की ती हाकते आणि आपण सरळ चालतो.

नत्थुजी


अमरावती, मार्गशीर्ष वद्य ५

नत्थुजींना रामराम.

नात झाल्याचं वाचून मी अर्धी गल्ली गूळ वाटत फिरलो. जानरावला सांगायचं राहिलं नाही. त्याला चंद्रभानानं आधीच सांगितलं होतं. संध्याकाळी पाहिलं तर उरलेली अर्धी गल्ली त्यानं वाटून ठेवली होती. दोघं एका कोपऱ्यावर समोरासमोर आलो. त्याच्या हातात गूळ, माझ्या हातात गूळ. कोणी कोणाला दिला नाही.

आता लपवून उपयोग नाही. रांधतो तो मीच. पाटलाच्या घरचा माणूस, साठीला टेकलेला, दगडापाशी उकिडवा बसून फुंकणी फुंकतो. हसा तुम्ही.

भांडण काय झालं तेही ऐका. रुख्मिणीची गाडी दिवाळीआधीच निघाली होती. पाडव्याला जानराव स्वयंपाकघरात कापूस भरू लागला. म्हणाला, "भाव अजून चढते, थोडे दिवस घरात राहू द्या." मी म्हणालो, "चुलीवर कापूस ठेवणारा तू, उद्या बापाच्या छातीवर ठेवशील." तो म्हणाला, "मागल्या गल्लीत एका ठिणगीनं सगळं घर गेलं. घरात जाळ नको. जेवाचं काय, बाजारात भेटते." मी म्हणालो, "बाजारात भेटते ते खाणं, जेवण नाही." तेव्हापासून गप्प. शब्द मोठा होता, मला कळतं. पण तो परत घ्यायला तोंड उघडावं लागतं, आणि माझं उघडत नाही.

तेव्हा विहीणबाईंना विचारा, असं काय शिजवू की पोरगा वासानं घरी येईल? लहानपणी तो दोन शेतं पलीकडून वासानं यायचा.

आणि एक. चंद्रभानाला गुळाचे खडे माझ्याकडेही मिळतात. तुमची ओसरी कापसानं भरली आहे, तुम्ही स्वतः दारात खाट टाकून झोपता, आणि पाहुणा आला की त्याला कापसाच्या ढिगाऱ्यावर बसवता, असं तो सांगत होता. आम्हाला शिकवता काय?

खुशालराव


अकोला, मार्गशीर्ष वद्य १३

खुशालरावजींना ओसरीवाल्याचा रामराम.

चंद्रभानाचा गूळ मी बंद केला आहे. ओसरी भरली आहे, कबूल. पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गोदाबाई बसली आहे. तिथून सरकीचा दाणाही आत जाऊन दाखवावा.

वासाचं विचारलंत. ती म्हणते, भरीत. काटेरी, जड नसलेलं वांगं घ्यावं. हातात हलकं लागलं म्हणजे आत बिया कमी. तेलाचा हात लावून दोन ठिकाणी टोचावं, आणि टोचायला विसरू नये. तुरीच्या वाळल्या तुराट्यांच्या जाळावर फिरवत भाजावं. तुराट्यांच्याच, कापसाच्या पऱ्हाटीच्या नको. पऱ्हाटीचा जाळ कापसासारखाच, भडकतो आणि विझतो. साल काढून लसूण, हिरवी मिरची, मीठ घालून चेचावं, वर कच्चं तेल आणि भरपूर सांभार. तुम्ही अमरावतीकर शहरी झालात म्हणून सांगतो, सांभार म्हणजे कोथिंबीर.

त्याच्याबरोबर तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी. दाणे सोलावे, निम्मे तव्यावर भाजून ठेचावे, निम्मे तसेच ठेवावे. तेलात लसूण-जिरं, मग दाणे, मग आधण पाणी. जाळ वाऱ्याच्या बाजूनं करावा, म्हणजे वास बाजाराकडे जाईल. हे शेवटचं रुख्मिणीनं घातलं आहे.

या वेळी सगळं कागदाच्या एकाच बाजूला लिहिलं आहे.

नत्थुजी


अमरावती, पौष शुद्ध ३

नत्थुजींना रामराम.

भरीत केलं. वास बाजारापर्यंत गेला. एकटा जानराव सोडून सगळे आले.

अकरा गाडीवान आले. कापूस उतरवून परत जाणारे दोन हमाल आले. कोणी ज्वारीच्या भाकरी घेऊन आला, कोणी कांदे. एक म्हातारा गाडीवान बोट चाटून म्हणाला, "पाटील, मीठ बेताचं हाय, पण हात बाईचा हाय." हे कौतुक होतं की टोमणा, ते मला अजून कळलं नाही. आता रोज संध्याकाळी निंबाखाली पंगत असते. दुसऱ्या दिवशी एक वांगं टोचायचं राहिलं, ते फुटून त्यातल्या एका हमालाच्या पागोट्यावर जाऊन बसलं. तो म्हणाला, असू द्या, घरी जाऊन खाईन.

जानराव आला होता तसा. फाटकाशी पावलं हळू झाली. मी पाठमोराच बसून राहिलो, मुद्दाम. म्हटलं येईल आपणहून. तो थोडा वेळ उभा राहिला, एकदा शिंकला आणि निघून गेला. त्याला नकोच आहे. लेकाला बाजाराची चव लागली.

मला थोडा खोकला आहे. विशेष नाही. अंगणात वारा लागतो.

नात हसते का?

खुशालराव


अमरावती, पौष शुद्ध ३

मामाजींना जानरावचा शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र बाबांच्या पत्राबरोबर त्याच गाडीनं येतं आहे. त्यांना कळू देऊ नये. चंद्रभानाला दोन्ही पत्रं वेगवेगळ्या खिशात ठेवायला सांगितलं आहे, तरी आल्यावर खिसे तपासावे.

बाबा रोज अंगणात वाऱ्यात बसून रांधतात. अकरा माणसांना वाढतात आणि स्वतः शेवटी गार झालेलं खातात. खोकला फार आहे. भिंतीपलीकडून ऐकू येतो. त्यांनी तुम्हाला लिहिलं नसेल. मी घरात जाळ नको म्हणालो तो कापसापायी नाही. मागल्या गल्लीतलं घर जळलं तेव्हा मी बादल्या ओतायला गेलो होतो. त्या घरातला म्हातारा आता देवळात झोपतो. तेव्हापासून मला चूल दिसली की भीती वाटते. पण हे त्यांना सांगायला जावं तर ते माझ्याकडे पाहत नाहीत.

मी भरताच्या वासानं फाटकापर्यंत गेलो होतो. उभा राहिलो. त्यांनी हाक मारली नाही. पाठ करून बसले. शिंक आली तेव्हा तरी वळतील वाटलं.

सासूबाईंना विचारावं, खोकल्याच्या माणसाला थंडीत काय गरम द्यावं? मला काही येत नाही, पण सांगितलं तर करीन. बाजारातलं ते खाणार नाहीत. आणि खरं सांगायचं तर मलाही आता ते जात नाही.

मुलीला सांभाळावं. ती कोणासारखी दिसते, कोणीच नीट सांगत नाही.

जानराव


अकोला, पौष शुद्ध ११

खुशालरावजींना रामराम.

नात हसते. मुख्यतः गोदाबाई मला बोलते तेव्हा.

तुमच्या खोकल्यावर गोदाबाईनं कढी सांगितली आहे. ताक आदल्या दिवशीचं, बेताचं आंबट. दोन तांबे ताकाला मूठभर हरभऱ्याचं पीठ, गाठी मोडून कालवावं. तुपात मेथीचे चार दाणे, जिरं, ठेचलेला लसूण, हळद, मिरची. मग ताक सोडावं आणि एका दिशेनं ढवळत राहावं. हात थांबला की कढी फाटते. मीठ शेवटी. उकळी आली की ढवळणं थांबवावं, जाळ कमी करावा आणि वाट पाहावी.

एक मात्र पाळावं. कढी वद्य सप्तमीलाच करावी, त्याआधी नाही. कारण विचारलं तर गोदाबाई सांगत नाही, आणि तिनं सांगितलं नाही की मी विचारत नाही. घरात शांतता राहते.

नत्थुजी


अकोला, पौष शुद्ध ११

चि. जानरावास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. चंद्रभानाचे खिसे तपासले. दोन्ही पत्रं एकाच खिशात होती, पण त्याला वाचता येत नाही म्हणून बरं.

तुमच्या बाबांसाठी सासूबाईंनी गोळे सांगितले आहेत. वद्य सप्तमीला सकाळी दोन मुठी तुरीची डाळ भिजत घालावी. दुपारी ती पाट्यावर जाडसर वाटावी. अगदी गंध करू नये. वाटताना लसूण, जिरं, मिरची, मीठ घालावं. तळहातावर लिंबाएवढे गोळे वळावे. वळताना फुटू लागले तर आणखी वाटावं, पाणी घालू नये.

पाटा तुमच्या स्वयंपाकघरात आहे. रुख्मिणी सांगते, दारातून सरळ सहा हात आत, खिडकीखाली, चुलीच्या उजव्या अंगाला.

गोळे तयार झाले की उकळत्यात एकेक सोडावे. वर तरंगले म्हणजे झाले. कशात सोडायचे ते तुमच्या बाबांना ठाऊक आहे. त्यांना विचारावं.

मुलगी कोणासारखी दिसते ते येऊन पाहावं.

नत्थुजी


अमरावती, पौष वद्य ९

नत्थुजी, तुम्हाला आणि विहीणबाईंना दोघांनाही रामराम, आणि त्यांना जरा जास्त.

सप्तमीला दुपारी मी माणिकबाईंकडून ताक घेऊन घरी आलो. पाहतो तर स्वयंपाकघराचं दार उघडं, कापूस उंबरा ओलांडून बाहेर पसरलेला, आणि त्या ढिगाऱ्यातून दोन पाय बाहेर आलेले. मला वाटलं चोर. पायताण पाहिलं तर ओळखीचं. पावणेतीन महिन्यांनी लेकाशी पहिलं बोलणं झालं ते त्याच्या पायांशी.

मी म्हणालो, "कोण आहे?"

कापसातून आवाज आला, "मी हावो."

"आत काय करून राहिला?"

"पाटा शोधून राहिलो."

"काहून?"

पाय दोनदा हलले. मग आवाज, "बाबा, आधी ओढा मले. वरचा ढीग अंगावर आला."

ताक खाली ठेवलं आणि दोन्ही पाय धरून ओढलं. तो बाहेर आला तेव्हा पांढराशुभ्र, भुवयांसकट; लग्नात हळदीऐवजी पीठ लावलेल्या नवरदेवासारखा. छातीशी पाटा घट्ट धरलेला. मला हसू आलं आणि हसताना खोकला आला. मग तो पाटा टाकून माझी पाठ चोळायला लागला. तेवढ्यात बोलायचं राहिलेलं बरंचसं होऊन गेलं.

मग तो निंबाखाली बसून डाळ वाटायला लागला. मी म्हणालो, "वरवंटा असा धरतात का?"

"मग कसा?"

"रुख्मिणी कशी धरते?"

"मी कधी पाहिलं नाही."

मीही कधी पाहिलं नव्हतं. मग तो तसाच वाटत राहिला.

कढी उकळली. ढवळणं थांबवलं आणि वाट पाहू लागलो. कशाची पाहायची ते तुम्ही लिहिलं नव्हतं. मला वाटलं साय धरत असेल. तेव्हा तो थाळीत गोळे घेऊन समोर उभा राहिला आणि म्हणाला, "बाबा, हे कशात सोडायचे ते तुम्हाला ठाऊक आहे म्हणे." मी खिशातलं पत्र काढलं. त्यानं त्याचं काढलं. दोन्ही शेजारी धरली. तीच बैलाच्या वळणाची अक्षरं.

तो म्हणाला, "सासूबाईंनी अर्धं तुम्हाला लिहिलं, अर्धं मला."

मी म्हणालो, "तुझी सासू पाटलीण व्हायची, चुकून विहीण झाली."

पहिला गोळा विरघळला. बाकीचे तरंगले. थोडा कापूस सगळ्याच गोळ्यांना लागला होता, आणि एकात सरकीचा दाणा निघाला. तो जानरावच्याच वाट्याला आला. त्यानं नऊ गोळे खाल्ले. मी सहा. गाडीवानांना त्या दिवशी काही उरलं नाही. ते कुरकुरत माणिकबाईंकडे गेले.

जेवता जेवता त्यानं मला मागल्या गल्लीतल्या त्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. मला ठाऊक नव्हती. मी म्हणालो, "मी जे पाडव्याला बोललो ते..." तो म्हणाला, "राहू द्या. कढी निवते." वारा सुटला होता. मला पुन्हा ढास लागली. त्यानं हात धुतले, घराकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाबा, इथं लई वारा लागते. आत बसत जाऊ."

मी म्हणालो, "आत कापूस आहे."

तो उठला आणि दोन्ही हातांनी कापूस काढायला लागला. मीही उठलो. दिवा आत नेऊ दिला नाही त्यानं, म्हणून उजेड होता तोवर काढला आणि सकाळी पुन्हा लागलो. तीन गाड्या भरल्या. चंद्रभान म्हणाला, "पंधरा दिवस थांबा ना, भाव चढून राहिला." जानराव म्हणाला, "चढू दे. खोकलाही चढून राहिला."

काल चूल मोकळी झाली. पोतेरं केलं, तेही दोघांनी मिळून. भिंतीपेक्षा आमच्याच अंगाला जास्त लागलं. बाकीच्या खोल्यांत कापूस अजून आहे, पण चुलीपासून दहा हात मोकळं ठेवलं आहे आणि पाण्याचे चार घडे भरून उंबऱ्याशी मांडले आहेत. ती त्याची अट. मी मान्य केली.

माघ लागला की दोघं एका गाडीत निघतो. वाटेत बोलू. चंद्रभानाला आधीच सांगून ठेवलं आहे की नीट ऐक.

खुशालराव


अमरावती, माघ वद्य २

नत्थुजींना रामराम.

तुमच्याकडून निघून आम्ही चौथ्या दिवशी दुपारी घरी आलो. तुमच्या घरच्या पाहुणचाराबद्दल पुन्हा लिहीत नाही. गोदाबाईंनी जे वाढलं त्यातलं अर्धं अजून पोटात आहे आणि अर्धं शिदोरीत.

रुख्मिणी दारात उतरली, लेकरू माझ्याकडे दिलं आणि आधी स्वयंपाकघरात गेली. आम्ही दोघं उंबऱ्याबाहेर उभे. आतून भांडी हलल्याचा आवाज येत होता. गंजात कापूस, तांब्यात कापूस, मिठाच्या बरणीत कापूस, फुंकणी फुंकली तर तिच्यातूनही कापूस. तिनं एकेक वस्तू बाहेर काढून आमच्यासमोर ठेवली. त्यापेक्षा बोलली असती तर बरं झालं असतं.

मग तिनं चूल पेटवली. मी लेकरू घेऊन आत टेकलो. जानराव चार घड्यांच्या पलीकडे सरकला, पण पळाला नाही. तिनं पीठ मळलं, पहिली भाकर थापून तव्यावर टाकली आणि तेवढ्यात लक्षात आलं की परसात पऱ्हाट्यांचा भारा उघडाच राहिला आहे. जाताना म्हणाली, "मामाजी, बसल्या बसल्या एवढी भाकर पाहा. पापुद्रा सुटला की उलटायची." आणि त्यालाही म्हणाली, "तुमी बी पाहा." आम्ही म्हणालो, हो.

नात माझ्या मांडीवर होती. चुलीची ऊब लागली तशी तिनं मूठ सोडली आणि माझं बोट धरलं. जानराव वाकून पाहायला लागला. म्हणाला, "बाबा, ही तं तुमच्यासारखी दिसते." मी म्हणालो, "नाक तुझं आहे." तो म्हणाला, "नाही, नाक रुख्मिणीचं." यावर आमचं बराच वेळ बोलणं झालं. हनुवटीपर्यंत आलो तोवर नात झोपून गेली.

रुख्मिणी परत आली तेव्हा घरभर धूर होता. तिनं तवा उतरवला, भाकरीकडे पाहिलं, मग आमच्याकडे. ती म्हणाली, "एवढे दोन दोन बाप्ये बसले, अन् एक भाकर राखता नाही आली."

आम्ही दोघांनी ओठांवर बोट ठेवलं. नात जागी झाली असती.

खुशालराव